शिलाईच्या खोलीतली मारामारी

सिंदेवाहीत मी तीस वर्षं ब्लाऊज शिवते आहे. मागच्या वर्षी माझा उजवा खांदा असा आखडला की वरच्या फळीवरच्या कापडापर्यंत हात जाईना. डॉक्टर म्हणाले, खांदा हलवत राहा, आणि साखर वाढली आहे, रोज चाला.

चालायला सोबतीण होती. आमच्या गल्लीत लेकीकडे राहायला आलेली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी गोंड बाई. जंगलालगतच्या गावात तिचा जन्म मोहफुलं आणि चारोळी वेचण्यात गेलेला. आम्ही दोघी पहाटे भात संशोधन केंद्राच्या रस्त्यानं निघायचो. मग एक दिवस रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत वाघाचे पंजे उमटलेले दिसले. वाघ हटेपर्यंत या रस्त्यानं कोणी फिरू नका, असं वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगून गेली. आमचं चालणं थांबलं. मी दिवसभर मशीनवर बसून चिडचिड करायची, आणि झोप तर पारच उडाली.

ईदला नागपूरहून लेक आली. तिनं डोळ्यांवर बांधायचं एक काळं यंत्र आणलं होतं, व्हीआरचं. "अम्मी, यात व्यायाम होतो," म्हणाली. तिनं मशीन कोपऱ्यात सरकवली, जमिनीवरच्या टाचण्या वेचल्या आणि ते माझ्या डोळ्यांवर चढवलं.

खोली गेली. मी निळ्या तळ्याच्या मधोमध उभी, कानात ढोल, आणि समोरून रंगीत गोळे सुसाट येताहेत. ते मुठीनं फोडायचे. पहिल्या गोळ्याला हात कमरेपर्यंतच गेला. दहाव्याला छातीपर्यंत. विसाव्यापर्यंत मी खांदा विसरून गेले होते आणि इतकी हसत होते की लेकीला काळजी वाटली.

चौथ्या दिवशी माझी सोबतीण, ती गोंड बाई, दारातून आत आली, ते मला कळलंच नाही. मी गुडघे वाकवून, मुठी आवळून पुटपुटत होते, "ये, ये, तुले दाखवतेच." तिनं माझ्या लेकीचा हात धरला.

"हिच्या अंगात कोण आलं वं? तुमच्यातही येते काय?"

लेकीला हसण्यापुढे बोलता येईना. मी यंत्र काढलं, तर बाई समोर तांब्या घेऊन उभी, पाणी शिंपडायच्या बेतात.

मग तिला घालून पाहायचं होतं. लेकीनं तिच्यासाठी जंगलातली पायवाट लावली. बाई पदर खोचून दोन पावलं चालली आणि थांबली.

"मोहाचं झाड कुठी हाय? वासच नाई इथी. लेंडी नाई, पंजा नाई. इथी जनावर राहतच नाई."

"मग बरंच आहे की," मी म्हणाले.

"तेच म्हणून राह्यली मी. मग काऊन भ्यायचं?" असं म्हणून ती भराभरा निघाली ती सरळ ब्लाऊजांच्या ढिगात. तिला धरायला गेलेली मीही तिच्यावर पडले. बराच वेळ आम्हाला उठताच येईना, हसूच आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं गोळे फोडले आणि पहिल्याच फटक्यात माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवले. मला ते काही सहन झालं नाही. लेक गेली, यंत्र मात्र मी ठेवून घेतलं. रोज सकाळी आमची झुंज. घामानं झंपर ओला व्हायचा आणि नऊ वाजता अंथरुणावर पडले की झोप लागायची.

दीड महिन्यानं गिऱ्हाईकाशी बोलता बोलता मी वरच्या फळीवरून कापड काढलं, आणि हात वर गेल्याचं कापड हातात आल्यावर ध्यानात आलं. डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला, साखरही उतरली होती.

"काय केलं तुम्ही?"

"मारामारी," मी म्हणाले.

पुढे वाघ दूर निघून गेला, रस्ता मोकळा झाला. आता आम्ही उजाडल्यावर चालतो. परतल्यावर चपला काढता काढताच बाई विचारते, "आज पयली कोण?" आणि साठीला टेकलेली मी तिला कोपरानं बाजूला सारून खोलीत पळते.