सीस्केपचं वाक्य

आमच्या आंधळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना सगळं गाव ‘वाक्यवाल्या बाई’ म्हणायचं. नव्या शब्दाचा अर्थ त्या सांगत. वाक्य मात्र आपलं आपण करायचं, आणि तेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं. गाइडमधलं वाक्य ठोकून दिलं, की बाईंच्या भुवया चढल्याच म्हणून समजा. मी एकदा मोठ्या ऐटीत राजवाड्यावर वाक्य केलं, तर म्हणाल्या, “कोन्या राजाकडे पाहुणी गेली होती वं तू?” आठवडाभर पोरी मला राणीसाहेब म्हणत होत्या.

आम्ही दहावीत होतो, ऐंशी सालच्या आगेमागे. धड्यात ‘सीस्केप’ शब्द आला. बाईंनी अर्थ सांगितला : डोळ्यांसमोर पसरलेलं समुद्राचं दृश्य, किंवा त्या दृश्याचं काढलेलं चित्र. मग वाक्यं सुरू झाली. शालूने आमच्या तलावालाच सीस्केप करून टाकलं.

“तलाव कितीही मोठा असला तरी त्याले सीस्केप नाही म्हणत, शालू. समुद्रच पाह्यजे.”

मी हुशारी केली. आमच्या दुकानातल्या कॅलेंडरवर समुद्राचं चित्र होतं, त्याचं वाक्य ठोकलं. “बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, “पण हे चित्राचं झालं. आता दृश्याचं सांग.” झालं, माझी हुशारी तिथेच संपली. शेवटी शालूच धीर करून म्हणाली, “बाई, तुमीच सांगा न.”

दुसरी कोणी असती तर दटावून मोकळी झाली असती. आमच्या बाई सरळ म्हणाल्या, “मीबी नाही पाह्यला समुद्र.” हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला. “मंग आता पाहा लागन.”

शाळेची सहल दरवर्षी रामटेकला जायची. यंदा आमच्या वर्गातल्या मुलींना मुंबईला न्यायचं बाईंनी ठरवलं आणि गावात नुसता गहजब झाला. वयात आलेल्या पोरी, एवढा लांबचा प्रवास, आणि तो कशासाठी, तर एका शब्दासाठी! सगळ्यात जोरात नाही म्हणाले ते माझे बाबा. ते तांदळाचे व्यापारी, त्यांच्या शब्दाला गावात वजन. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे सगळ्याच घरांतून नाही. मी दोन दिवस धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच आमच्या दुकानात येऊन बसल्या.

“डिक्शनरीत पाहून घ्या न, बाई,” बाबा म्हणाले. “त्याच्यासाठी पोरी कायले नेता मुंबईले?”

“शेटजी, तुमी तांदूळ नाव आयकून घेता, का हातावर घेऊन पाह्यता?”

बाबांच्या तळहातावर त्या वेळी खरोखरच नमुन्याचा तांदूळ होता. ते खो खो हसले आणि आत डोकावून आईला म्हणाले, “हिची बॅग भर.” बाबांनी हो म्हटल्यावर बाकीच्या घरांचेही होकार भराभर आले. वरठीच्या स्टेशनवर आम्हाला पोचवायला अर्धं गाव आलं होतं.

चौपाटीवर पोचलो आणि शिस्त कसली न काय! आम्ही चपला टाकून पाण्यात घुसलो. शालू ओरडली, “बाई, आमी सीस्केपमंदी पाय धुवून राहिलो!”

“पाय समुद्रात धुतेत, शालू. सीस्केप इथून दिसते.”

बाई वाळूवर उभ्या होत्या. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, एक हात कपाळावर आडवा. किती तरी वेळ त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग आम्हीच पाण्यातून गलका केला, “बाई, वाक्य! वाक्य सांगा न, बाई!”

बाईंनी घसा साफ केला. वर्गात म्हणायच्या तसंच, एकेक शब्द सुटा करून, खणखणीत आवाजात त्यांनी सांगितलं :

“देअर आर गर्ल्स फ्रॉम आंधळगाव इन धिस सीस्केप.”

आम्ही गुडघाभर पाण्यात उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. भेळ खाणारी माणसं वळून वळून पाहू लागली. पाहू दे म्हटलं.