समाप्तीचा पाट

"आयका बायाहो, डोये मिटू नका." पोथी उघडण्याआधी मावशी एवढे म्हणायची, तांब्यातले घोटभर पाणी प्यायची आणि पदराने ओठ पुसायची. मग तिचा आवाज लागला की देवळाबाहेर बांधलेले बैलसुद्धा कान हलवायचे.

साखरखेर्ड्यात आमच्या आळीत श्रावणभर बायकांची पोथी असे. वाचायची मावशीच. माळ्याच्या घरची, लवकर विधवा झालेली, भावाच्या पाटीवर अक्षरे शिकलेली. तिच्या तोंडात 'ळ' नव्हताच. कमळाचे कमय व्हायचे, बाळाचे बाय. आम्हांला त्यात वावगे वाटत नसे, आम्हीही तसेच बोलायचो. दर ओवीला सगळ्या मिळून होकाराचे "हाव" म्हणायचो.

समाप्तीच्या दिवशी वाचणारीला पाटावर बसवून सवाष्णी परातीत तिचे पाय धुवायच्या. एरवी मावशीला कोणी हळदीकुंकवाला बोलावत नसे. सकाळी ती समोरून आली तर याच बायका वाट बदलायच्या. वर्षातला तेवढा एक दिवस तिचा होता.

त्या वर्षी दवाखान्यात पुण्याकडचे डॉक्टर आले. त्यांची बायको पोथीला येऊ लागली. बाई काही वाईट नव्हती.

"मावशी, जीभ मागे वळवा. ळ. पोथी अशुद्ध वाचली तर फळ मिळत नाही."

"फय नाही भेटत?" मावशी म्हणाली. "मंग इतके सालं या बाया काय उपाशी राह्यल्या?"

सगळ्या हसल्या. पण पुजाऱ्याला डॉक्टरीणबाईंचे पटले. समाप्तीला शाळा शिकलेलीने वाचावे, असे ठरले. शाळा शिकलेली म्हणजे मी, चौथी पास. घरात दोनच श्रावण झालेली सून, सासूसमोर पाणी मागायलाही लाजणारी. मला कोणी विचारले नाही.

मी पाटावर बसले. गुरुजींनी शिकवला तसाच 'ळ' म्हटला. ओवी संपली. "हाव" आले नाही. दुसरी संपली. बाया खाली मान घालून बसलेल्या. मी ओवीवर बोट ठेवून थांबले.

"काऊन थांबली वं?" मागून मावशीने विचारले.

"मले नाही होत, मावशी."

ती उठली, बायकांतून वाट काढत आली आणि "सरक जराशी" म्हणत अर्ध्या पाटावर बसली.

पुजारी म्हणाला, "अवं, ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं, महाराज. मले कोनी पुसलं? देवानं हेच तोंड देल्लं मले, त्याले आयकू येते. तुमाले सोसत नसन तर अंगनात बसा."

आणि ती वाचू लागली, एकेक 'य' ठासून. पहिल्याच ओवीला देऊळभर "हाव" आले. डॉक्टरीणबाई उठून गेल्या. पोथी संपल्यावर मावशीने लुगडे घोट्यावर घेतले, स्वतःच पाय परातीत ठेवले आणि थांबली. तुम्ही तिथे असता तर पाहिले असते, तिची मान जराही खाली नव्हती. पहिले पाणी कोण घालणार? माझ्या सासूने घातले.

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. पोथी माझ्याकडे आली. 'ळ' मला येतो, इथे लिहितेच आहे. पण पाटावर बसले की घोटभर पाणी पिते, ओठ पुसते आणि तिच्यासारखेच वाचते.

माझी शिकलेली सून हळूच म्हणते, "आत्याबाई, डोळे म्हणा."

मी पुढची ओवी वाचते. बाया "हाव" म्हणतात.