तळ्याच्या मधला गाळ

खरवईच्या पलीकडे, बदलापूर संपून भाताची खाचरं सुरू होत, तिथे एका पाड्याला लागून एक गोल तळं होतं. अगदी परातीसारखं गोल. भोवती काळ्या खडकाचा उंच काठ, आणि एकही ओढा आत येत नव्हता की बाहेर जात नव्हता. हे तळं आकाशातून पडलेल्या दगडाने झालं, असं माझं म्हणणं. म्हणणं कसलं, खूळच ते! मी अंबरनाथला एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. भूगर्भशास्त्राशी माझा काडीचा संबंध नव्हता, आणि बहुधा म्हणूनच मला एवढी खात्री होती.

माझा दोस्त उल्हासनगरचा, सिंधी, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. म्हणजे शिकलेला तो आणि अक्कल पाजळणारा मी. "साईं, इथे खाली सगळा लाव्हाच आहे," तो म्हणायचा. "आत कुठे पोकळी राहिली, वरचा खडक बसला, खड्डा झाला. इतनी सी बात है. आकाश कशाला मध्ये आणतो?" मी भडकायचो. लोणारच्या सरोवरालाही लोक आधी ज्वालामुखीचंच म्हणत होते, हे मी त्याला दर रविवारी ऐकवायचो. "लोणार लोणार आहे बाबा, हे डबकं आहे," हे त्याचं ठरलेलं उत्तर. अशी तीन-चार वर्षं आम्ही त्या काठावर डबे उघडून भांडलो. मजा यायची, खोटं कशाला बोलू!

निकाल गाळाखाली होता, एवढं मात्र आम्हा दोघांना मान्य होतं. उल्का पडली असेल तर तळचा खडक चिरडलेला मिळायला हवा. नुसता खचला असेल तर त्याच्या मोठमोठ्या फरशा मिळतील. पण तिथवर पोचायचं कसं?

पाड्यातली एक विधवा बाई तळ्याकाठी भेंडी, काकडी, माठ लावायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पाड्याची विहीर तळ्यातून झिरपणाऱ्या पाण्यावरच भरायची, त्यामुळे मे महिन्यातही तिथे टँकर लागत नसे. दर उन्हाळ्यात पाड्यातले लोक तळ्याचा गाळ काढून शेतात टाकत, पण फक्त कडेचा. काठापासून वीस पावलं मोजायची, त्यापुढे कोणी फावडं लावायचं नाही, असा नेम होता.

"मधल्या गालाला आमी हात नाय लावत," मावशीने सांगितलं. "माज्या सासऱ्याच्या बापानी सांगलेला हाय."

"का? देवाचं काही आहे का?"

"देवाचा काय नाय. तो तल्याचा बूड हाय."

इतकं सरळ सांगितलं होतं हो तिने! पण पाड्यातली बाई, ती काय सांगणार, म्हणून मी ते अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलं आणि मोकळा झालो.

मे महिन्यातल्या एका रविवारी अख्खा पाडा मोरिवलीला हळदीला गेला होता. विधवा म्हणून मावशी मागे राहिली होती. हे मला आधीच कळलं होतं, आणि मी मुद्दाम तोच दिवस धरला. कारखान्याच्या भंगारातले दोन इंची पाइपाचे तुकडे, एक घण आणि दोस्ताला घेऊन मी तिच्या दारात उभा राहिलो. ती नको नको म्हणत होती. "मावशी, सुई टोचल्यासारखं होईल फक्त. काही झालंच तर मी आहे ना." तिचे सरकारी कचेरीतले फॉर्म मी भरून दिले होते. तिला मला नाही म्हणणं जड जाणार, हे मी ओळखून होतो. शेवटी तिने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली.

तळ्याच्या मधोमध कमरेएवढं पाणी होतं. एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने ठोकायचा, तुकडा संपला की पुढचा जोडायचा. आधी लोण्यासारखा गाळ, मग घट्ट काळी माती. घामाने डोळे चुरचुरत होते. दोन पुरुष खोल गेलो असू, आणि घण मारलेला नसताना पाइप हातातून सटकला आणि आपोआप हातभर खाली गेला. आतून गुळगुळ आवाज येऊ लागला, मोरीतून पाणी उतरतं तसा.

दोस्ताचा चेहरा पांढराफटक पडला. "निकाल मत," तो म्हणाला. "साईं, हात लावू नको. राहू दे तसाच."

मी ओढला. टोकात काय अडकलंय ते मला बघायचं होतं ना! मूठभर माती आणि नखाएवढी काळी कपची निघाली. ती चिरडलेली की अखंड, यावर आम्ही परत भांडलो. काठावर मावशी उभी होती. ती आमच्याकडे नाही, पाण्याकडे बघत होती.

पुढच्या रविवारी काठाच्या खडकावर वीतभर ओला पट्टा दिसला. ऊन जास्त आहे, मी म्हणालो. त्याच्या पुढच्या रविवारी मासे चिखलात तडफडत होते आणि बगळ्यांची नुसती झुंबड उडाली होती. तिसऱ्या रविवारी तळं नव्हतंच. मधोमध बादलीएवढं भोक होतं आणि भोवतीची माती त्याच्याकडे उतरत गेली होती. आणि ते बघून मला आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला. तळ उघडा पडला म्हणून! मी पिशवीतून हातोडी काढलीसुद्धा.

मग विहिरीवरची माणसं दिसली. सगळा पाडा जमला होता, आणि मधे मावशी उकिडवी बसली होती. विहिरीलाही पाणी उरलं नव्हतं. आम्हाला बघून पाड्यातला एक म्हातारा पुढे आला. "साहेब, तुमी शिकलेली मान्सा. सांगा, पानी कसा गेला? आमी हलदीला गेलो, तवापास्ना उतराय लागला. पाड्यात ही एकटीच व्हती. हिनीच मधला गाल काढला आसल, वाफ्यासाठी."

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी केलं, एवढंच. मावशी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "तसं नसतं बाबा. ही जमीन ज्वालामुखीची आहे. खाली पोकळ्या असतात. कधीतरी आपोआप खचतं आणि पाणी उतरतं. कोणाचाच दोष नाही." चार वर्षं ज्या गोष्टीला मी मूर्खपणा म्हणत आलो, ती मी तोंडपाठ धड्यासारखी म्हणून दाखवली. दोस्त शेजारीच होता. त्याने मान खाली घातली.

म्हातारा काही बधला नाही. "आमच्या आजापंजापास्ना नाय खचला, आनि ही एकटी असताना खचला?" तो मावशीकडे वळला. "खरा सांग. त्या दिशी तल्यावर कोन आलेला?"

ती उठली. लुगडं झटकलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती जे बोलली ते का बोलली, मला वाचवलं की परवानगी दिल्याचं स्वतःचं पाप झाकलं, हे मला आजवर कळलेलं नाही. पाड्याने तिच्याशी पुढे काय केलं, तेही नाही, कारण मी परत तिकडे फिरकलोच नाही.

"कोन नाय आला," ती म्हणाली.

आणि मी सुटकेचा श्वास सोडला. ती माझ्यापासून हातभरच लांब होती. तिला तो ऐकू गेला.