जावयाचा हप्ता

माझा नवरा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. दारू पितो, मारतो असं पंचांपुढे सांगितलं की बाई सुटते. माझ्या नवऱ्याचा दोष सांगायला गेलं की लोक हसायचे. त्याला वस्तू आवडायच्या. झाई गावच्या वाळूत माणसाचा पाय रुततो, तिथे त्याने उधारीवर सायकल घेतली. भरती-ओहोटीवर ज्या घराचं सगळं चालतं त्या घरात भिंतीवरचं घड्याळ आणलं, आणि ते बंद पडल्यावर दुरुस्तीला टाकून दुसरं आणलं. मी गप्प बसले असं नाही. गप्प बसणं मला तेव्हा जमत नव्हतं, आजही जमत नाही.

मग एका वर्षी, बोंबील वाळवायचा हंगाम तोंडावर आलेला असताना, त्याने आमचे वाळवणाचे बांबू विकले आणि बाजाची पेटी घेतली. त्या उंच बांबूंना दोऱ्या बांधून आम्ही बोंबील जोडीजोडीने टांगतो. ते बांबू गेले म्हणजे आमचं वर्षाचं पोट गेलं. आणि पेटी त्याला वाजवताही येत नव्हती. मी पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून चालत चालत नरपडला आईच्या घरी आले.

आई म्हणाली, "चार दिवस राहा, राग उतरला की जा."

माझा राग उतरला नाही. पंच बसले.

आमच्या जातीत लग्नाचा खर्च मुलाकडचे करतात. बाई आपणहून निघाली तर तो खर्च तिने परत करायचा. तो फिटला की पंचांसमोर दोघांनी मिळून भाताची काडी मोडायची, मग दोघं मोकळी. पंचांनी खर्च धरला दोनशे रुपये. माझ्याकडे तेव्हा दोनशे माश्यासुद्धा नव्हत्या. नवरा 'राहू दे' म्हणेल अशी मला थोडी आशा होती, पण त्यानेही लग्नासाठी कर्ज काढलेलं होतं, आणि घड्याळवाला त्याच्या दारात बसलेलाच होता. मग पाटलांनी मुदत घातली. पुढची होळी सोडून त्याच्या पुढच्या होळीपर्यंत सगळे फिटले पाहिजेत. नाही फिटले तर मुलगी बापाच्या घरी.

नवरा गेल्याचं मला वाईट वाटलं असेल-नसेल, पण मुलगी गेली असती तर मी वेडी झाले असते, हे सरळ सांगते.

पाटलांनी आणखी एक अट घातली. पैसे हातोहात द्यायचे, आणि दोन्हीकडचा एकेक साक्षीदार हजर पाहिजे, म्हणजे पुढे 'दिले', 'नाही मिळाले' अशी भांडणं नकोत. अट ऐकायला शहाणपणाची वाटली. तिचं खरं रूप मला पुढच्या महिन्यात कळलं.

मी पदराला तीन गाठी मारायला सुरुवात केली. एक मिठामिरचीची, एक मुलीची आणि एक नवऱ्याची. नवऱ्याची सगळ्यांत मोठी. होडीवरून ओले बोंबील घ्यायचे, शेजारणीच्या बांबूंवर कोपरा मागून वाळवायचे, थोडे डहाणूच्या बाजारात रोखीने विकायचे आणि उरलेले पाटीत भरून तलासरीकडे वर डोंगरात न्यायचे. तिकडे रोकड नसायची. वेवजीला एका शेतकरणीच्या ओटीवर मी पाटी उतरवायची आणि ती सुक्या बोंबलांच्या बदली मला भात, नागली मोजून द्यायची. मोजताना ती माझी सगळी कहाणी ऐकायची. बाजाच्या पेटीपाशी ती दर वेळी थांबवायची आणि पुन्हा सांगायला लावायची.

"काय गो, त्याला वस्तूंचा धनी व्हायची एवढी हौस, तर इकडं धाड," ती म्हणायची. "नांगराला एक बैल कमी हाय."

घरात मी कंजूसपणाची हद्द केली. कंदील जेवण होताच विझवला. चहात गूळ, तोही वास येण्यापुरता. आईच्या मिश्रीवर हात ठेवला तेव्हा मात्र घरात बोलणंच बंद झालं आणि मिश्री मुकाट्याने परत सुरू करावी लागली. तेवढ्यात सरकारने आणे काढून नवे पैसे आणले. बाजारात सगळ्यांची तारांबळ उडाली. मी तर रात्री झोपेतही सहा नव्या पैशांचा एक आणा धरायचा की कसं, याचा हिशेब करत होते.

अष्टमीच्या आसपास समुद्राला ओढ नसते, जाळी टाकून उपयोग नसतो. त्या दिवसांना आम्ही भांग म्हणतो. होड्या किनाऱ्याला असतात आणि पुरुष रिकामे. महिन्यातल्या एका भांगेला हप्ता द्यायचा असं ठरलं, आणि पहिल्या भांगेला नवरा झाईहून तो घ्यायला आला. पांढरा सदरा, डोक्याला तेल, मागे साक्षीदार म्हणून त्याचा एक मित्र. आमच्या बाजूने शेजारचे काका येऊन बसले. मी गाठ सोडली, आठ रुपये त्याच्या हातावर ठेवले. त्याने मोजले. साक्षीदारांनी माना हलवल्या. झालं, आता हे उठतील, असं मला वाटलं.

आतून आई म्हणाली, "बसा हो जावईबुवा. पानं घेतलीत."

मी आत गेले तर चुलीवर कोलंबीचं कालवण, तव्यावर पापलेट, आणि परातीत तांदळाच्या भाकऱ्यांची चळत. बाजूला ताडीचं मडकं.

"आये, हे काय?"

"काडी मोडली काय अजून?"

"नाही."

"मग तो जावई. जावई दारात आला नि उपाशी गेला, तर मी या गावात तोंड कुठं दाखवू?"

तो जेवला. त्याचा साक्षीदार जेवला. आमचा साक्षीदारही, ज्याचं घर पंधरा पावलांवर होतं, पोटभर जेवला. आठ रुपयांचा हप्ता पावता करून घ्यायला मला तीन पुरुषांची पंगत घालावी लागली. नवऱ्याने पापलेटाचा पोटाकडचा मऊ भाग काढून काटे निवडले आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन भरवला. माझ्याच पैशांचा मासा माझ्याच पोरीला भरवून मोठेपणा मिरवतो, असा माझा नुसता जळफळाट झाला. जाताना तो आईला म्हणाला, "कोलंबी बेस होती." आई महिनाभर खूश.

पुढच्या भांगेला मी खबरदारी घेतली. फक्त सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी, असं आईला बजावलं. आईने मान डोलावली. पानात पापलेट आलंच. मी डोळे वटारले तर आई म्हणाली, "शेजारणीने दिलं." त्याच्या पुढच्या भांगेला शेजारणीने सुरमई दिली. मग कोलंबी दिली. मग ताडी. शेजारीण इतकी दानशूर झाली आहे याचा मी चारचौघांत अभिमान सांगत होते. दर भांगेला हे चाललं. तो यायचा, मोजायचा, जेवायचा, मुलीला भरवायचा, तिला खांद्यावर घेऊन वाळूत एक चक्कर मारून आणायचा आणि जायचा. आमचे साक्षीदार काका आठवडाभर आधीपासून भांगेची चौकशी करायला लागले होते.

दुसरी होळी दोन-तीन महिन्यांवर आली तेव्हा माझं गणित अगदी जुळत होतं. हप्ते जाऊन उरलेल्या रकमेसाठी नवऱ्याची गाठ भरत आली होती. मी मनातल्या मनात काडी मोडूनसुद्धा टाकली होती. तेव्हा एक दिवस शेजारीण दारात आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "माझं माशांचं नि ताडीचं बघ बाय. चाळीसावर गेलंय."

मी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती.

शेजारणीचं देणं ठेवता येत नाही. तिच्याच बांबूंवर माझे बोंबील वाळत होते. मी नवऱ्याची गाठ सोडली आणि चाळीस रुपये तिला मोजून दिले. नवऱ्याचं कर्ज फेडायला नवऱ्याला जेवू घातलं, आणि त्या जेवणाच्या कर्जापायी नवऱ्याचं कर्ज राहिलं. इतका गोल हिशेब मी नंतर कुणाच्या घरात पाहिला नाही. त्या रात्री आई रडली. मी तिला काही बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर थांबले नसते.

होळीच्या आधी पंच बसले. मी होते ते पैसे पाटलांपुढे ठेवले. चाळीस कमी.

"मुदत संपली, बाय," पाटील म्हणाले. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं. मुलगी माझ्या मागे उभी होती, माझं लुगडं मुठीत धरून.

मी उठले. पंचांसमोर बायका फार बोलत नसत, पण माझा तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. "या माणसाने दर महिन्याला माझ्या घरी जेवण केलंय. साक्षीदारासकट. त्याचे चाळीस रुपये होतात. ते वळते करा."

एकच गलका झाला. घरी आलेल्याच्या जेवणाचे पैसे? असं कुणी ऐकलं नव्हतं. आमचे साक्षीदार काका तर जमिनीत बोटाने रेघा ओढायला लागले. एक म्हातारे पंच रागावून म्हणाले, "जावयाला घातलेल्या घासाचं मोल मागतेस?"

"तो जावई कुठला?" मी म्हणाले. "पैसे मोजून घेणारा तो सावकार. सावकाराने गिऱ्हाइकाकडे फुकट जेवावं असा जातीत कायदा आहे काय?"

पाटील हसले. मग गंभीर झाले. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि नवऱ्याला विचारलं, "तूच सांग रे. जेवलास तो जावई म्हणून जेवलास का सावकार म्हणून?"

आणि पुढे म्हणाले, "जावई म्हणून जेवला असशील, तर नातं आहे. नातं आहे तर नवरा-बायकोत कसलं देणं नि कसली काडी? बायको नि पोरगी घेऊन घरी जा."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी चाळीस रुपयांच्या मागे लागून माझं सगळं आयुष्य त्याच्या जिभेवर नेऊन ठेवलं होतं. त्याने नुसतं 'जावई' म्हटलं असतं, की मी पुन्हा झाईला, घड्याळांत आणि पेटीत. 'जेवण जेवण होतं, ते कशाला मोजता' असं म्हटलं असतं तरी मुलगी त्याचीच होती. सावकार म्हणण्यात त्याचा तोटाच तोटा होता.

तो कान खाजवत राहिला. त्याने माझ्या आईकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं, बराच वेळ. माझ्याकडे पाहिलं नाही.

"सावकार म्हणूनच जेवलो," तो म्हणाला. "पैसे मोजून घेत होतो ना. वळते करा चाळीस."

पाटलांनी भाताची काडी पुढे केली. एक टोक त्याने धरलं, एक मी. काडी वाळलेली होती, मोडताना फार आवाजही झाला नाही. मी सुटले आणि मुलगी माझी झाली. मला नाचावंसं वाटत होतं.

आईला काही राहवेना. ती पुढे होऊन त्याला म्हणाली, "जेवून जा हो. केलंय मी."

"आता कुठल्या नात्याने जेवू, मावशी?" तो म्हणाला. सासूला त्याने पहिल्यांदाच मावशी म्हटलं. त्याने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो किनाऱ्याने झाईकडे चालू लागला. सदरा पांढरा होता म्हणून बऱ्याच लांबपर्यंत दिसत होता.

घरी आल्यावर मी पदराची ती मोठी गाठ मोकळी केली, लुगड्याचं टोक झटकलं. मुलगी समोर बसून बघत होती.

"बाबा पुढच्या भांगेला येणार?"

"नाही गो. आता कशाला येईल? आपण त्याचं सगळं देणं फेडलं."

"सगळं?"

"सगळं. एक पैसा ठेवला नाही."

ती म्हणाली, "थोडं ठेवायचं होतंस ना."

मी तिला ओरडले नाही. आत गेले, चुलीत लाकूड सारलं आणि धुराच्या नावाखाली पुरेसं रडले. इतके महिने मी त्याचा प्रत्येक घास मोजला होता, आणि त्यातले निम्मे घास त्याने कुणाच्या तोंडात घातले ते बघूनही मला कळलं नव्हतं. त्याच्या घरी मला नांदायचं नव्हतंच. अजूनही त्याबद्दल मला काडीचाही पस्तावा नाही. पण तो माझा हिशेब होता, पोरीचा नव्हता.

होळी झाली, बोंबील पुन्हा दोऱ्यांवर चढले. पुढची भांग जवळ आली तशी झाईकडची एक मासेवाली आमच्या दारावरून परतीला निघाली होती. मी तिला हाक मारून थांबवलं आणि त्याच्यासाठी निरोप दिला. म्हटलं, घरात जरा अडचण आहे, दहा रुपये उसने पाहिजेत. तू स्वतः आणून दे. दर महिन्याला आठ आणे फेडीन, आणि तेसुद्धा इथे येऊन घेऊन जायचे.