खळ खाणारी बुरशी

आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या विणायच्या सुताला पिठाची खळ लावत आले, आणि मी नागपूरला शिष्यवृत्ती घेऊन ती खळ खाणारी बुरशी वाढवत होते. याला म्हणतात घराण्याचं नाव काढणं! ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट.

बुरशी अतिनील दिव्याखाली धरायची. बहुतेक मरायची. उरलेलीत एखादी बदललेली, जास्त खादाड निघायची. मग तिला भाताच्या कोंड्यावर वाढवायचं, ओल किती, ऊब किती, लेकरासारखं सांभाळायचं. शेवटी एक अशी निघाली की आमचे कधी न हसणारे सरही हसले.

नेमकं तेव्हाच बाबांनी पवनीला घरी बोलावलं. लाखनीचे कापडवाले शेटजी मुलासाठी मला पाहायला येणार होते. आमच्या मागांचा माल तेच विकायचे, म्हणजे नकाराची सोयच नव्हती. लग्न झालं की नागपूर बंद, हे बाबांनी आधीच सांगून टाकलं. मला रडू येत होतं आणि आई म्हणत होती, पोहे टाक.

"बुरशी?" शेटजी म्हणाले. "ते तं आमच्या लोणच्यावर फुकट येते. तिच्यासाठी कालेजात कायले जा लागते?"

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. पिशवीतून बुरशीच्या अर्काची बाटली काढली, गरम पाण्याचे दोन गंज मांडले, एकात अर्क ओतला. बाबांनीही लेकीच्या कौतुकानं मागावरचा कोरा पंचा फाडून दोन्हींत अर्धा-अर्धा टाकला. पोहे झाले, चहा झाला.

साध्या पाण्यातला तुकडा चांगला जाडजूड निघाला. माझा पिळून झटकला, तर खळ गेलेली. सगळीच. उरलेल्या जाळीतून शेटजींच्या मिशा दिसत होत्या.

कापडाची जाडी खळीचीच असते हे शेटजींना ठाऊक नव्हतं थोडंच? पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत झटकून दाखवणं वेगळं.

"पोरगी हुशार आहे जी," ते उठत म्हणाले. "पण आमच्या घरी नोको. एका धुण्यात दुकान उठवन."

ते गेल्यावर बाबा बराच वेळ त्या जाळी झालेल्या तुकड्याची घडी करत बसले. घडी काही होईना.

"उद्याच्या यष्टीनं जाय नागपुरले," ते म्हणाले. "शिक. पण ते बाटली आता घरी आनू नोको."

मला हवं ते सगळं मिळालं होतं. बाबांच्या तोंडाकडे मात्र बघवेना.