बोंबलांच्या डब्यातला पुएर

नाशिकहून एसटीत बसलो तेव्हा पिशवीत एक चिनी मातीची किटली होती आणि डोक्यावर दहा वर्षांपूर्वीचं एक काम. वसई काय, जवळच तर आहे, असं म्हणत मी ते लांबवत आलो होतो.

बस्त्याव माझा मित्र, मालवाहू जहाजावर खलाशी. चीनच्या एका बंदरातून त्याने पुएरच्या (दाबून थाळीएवढ्या चकत्या केलेला, वर्षानुवर्षं मुरवायचा चहा) दोन चकत्या आणल्या. एक मला दिली, दुसरी वसईच्या पाचूबंदरला बायकोकडे. "आत्ता कडूजहर लागेल. दहा वर्षांनी आमच्याकडे बसून आधी माझी फोडू, मग तुझी," म्हणाला. पुढच्या सफरीवरून त्याचं पत्र आलं: ‘मार्थाला नुसतं दहा वर्षं जपून ठेव म्हटलंय. ऊन नको, वास नको, एवढं जाऊन सांग. तिला वाचता येत नाही.’ त्याच सफरीत तो तापाने गेला. मिस्साला (मृताच्या प्रार्थनेला) गेलो, पण त्या दिवशी चहाची गोष्ट कुठे काढणार? पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढची खेप ही.

कंडक्टर "वसई" ओरडला आणि मी घाईने उतरलो तो थेट हायवेवरच्या सातिवलीत, गोदामांच्या मधोमध. तासभर पायपीट झाल्यावर एक रिक्षा मिळाली.

"काका, पाचूबंदर पार किल्ल्याच्या तिकडे. स्टेशनला सोडतो, पुढे बस पकडा. म्हावरं घ्यायला चाललात का?"

"चहा प्यायला," मी म्हणालो. त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

बंदरावर मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि सगळ्या वाऱ्याला त्यांचाच वास. पत्रातलं ‘वास नको’ तेव्हाच आठवलं.

"या भावजी. आधी पानी घ्या," मार्थावहिनी म्हणाली. "दहा वरसं मोजत होती मी. वाटलं, तुम्ही इसरलात."

तिने माळ्यावरून मोठा पत्र्याचा डबा उतरवला. वर सुके बोंबील, खाली सुक्या कोळंबीचे सोडे, आणि मधे फडक्यात गुंडाळलेली चकती.

"पावसाळ्याची बेगमी यातच ऱ्हाते. घरात याच्याएवढी कोरडी जागा नाय. दर मे महिन्यात बोंबलांसंगती हिलापन कडक ऊन दाखवलं. बुरशीचा ठिपका लागू दिला नाय." तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

मी तुकडा मोडून किटलीत चहा केला. पहिल्याच घोटात सुका बोंबील. त्याच्याखाली चहा असा काही उरलाच नव्हता. वहिनीने कप उचलला नव्हता, ती माझं तोंड बघत होती.

"वास लागला काय वो? ठेवायची कायतरी येगळी रीत होती?"

पत्र माझ्या खिशात होतं.

"नाही वहिनी. असाच ठेवतात."

मग तिने कप दोन्ही हातांत धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. "म्हंजे हाच त्यांच्या मनातला," म्हणाली, आणि पदराने डोळे टिपले. तांदळाची भाकरी आणि ताज्या मासळीचं कालवण तिने वाढलं. उरलेला चहा तिने पुन्हा फडक्यात बांधून त्याच डब्यात ठेवला. नाताळला थोडाथोडा पिईन म्हणाली.

नाशिकला परतलो त्याच संध्याकाळी माझी चकती फोडली. माजघरातल्या फळीवर, रिकाम्या मडक्यात, ती दहा वर्षं सुखाने बसली होती. चहा गडद लाल उतरला, जुन्या लाकडाचा वास, आणि घोट गेल्यावर कितीतरी वेळ जिभेवर गोडवा. मी एकटा बसून रडलो. ही चव मार्थावहिनीच्या वाट्याची होती.

ही चकती तिला पाठवावी असं दहादा मनात आलं. पण पहिल्याच घोटाला तिला कळेल की रीत होती आणि मला ती ठाऊक होती. नवऱ्याची ठेव आपल्याच हातांनी घालवली, हेही कळेल. आत्ता निदान ती त्याचा चहा पितेय.

चकती पुन्हा मडक्यात ठेवली आहे. दर वर्षी ती अजून चांगली होत जाणार.