यमुनाताईंची बुधवारची मेणबत्ती

यमुनाताईंना फोन करून "संध्याकाळी फिरायला येताय का?" असं विचारलं की त्या आधी स्वयंपाकघरात डोकावून यायच्या आणि मग म्हणायच्या, "तूच ये गं इकडे. मला बाहेर पडता यायचं नाही. तिघी पेटल्यात."

तिघी म्हणजे मेणबत्त्या. वेल्समधल्या कार्डिफच्या आम्हा जुन्या मराठी मंडळींना या भाषेची सवय होती. नव्याने आलेली एक डॉक्टरीणबाई मात्र हे ऐकून इतकी घाबरली की तिने मला नाइन नाइन नाइनला फोन करून बंब बोलावू का म्हणून विचारलं.

या सगळ्याला जबाबदार त्यांचा मुलगा समर. यमुनाताईंचं अर्धं आयुष्य हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेलं. दोन हजार चार साली त्या रिटायर झाल्या आणि समरने मदर्स डेला त्यांना मेणबत्त्या बनवायचं किट आणून दिलं. आईची एक दुपार मजेत जाईल, एवढाच त्या बिचाऱ्याचा हिशोब. ज्या बाईने नोकरीत एक टेस्ट तीनदा केल्याशिवाय रिपोर्टवर सही केली नाही, तिला आपण काय देतोय हे पोराला कळायला हवं होतं. महिन्याभरात त्यांच्या काचेच्या खोलीत, कंझर्व्हेटरीत, मेणाची पोती येऊन पडली आणि डॉक्टरांच्या आरामखुर्चीची रवानगी जिन्याखाली झाली.

डॉक्टर म्हणजे त्यांचे यजमान, कमलाकर. हाडांचे सर्जन, तेही रिटायर झालेले, स्वभावाने गरीब. मेण वितळवायला वेगळं भांडं हवं हे यमुनाताईंना पटेपर्यंत त्यांनी मोदकपात्र वापरलं. त्या वर्षी गणपतीला आम्ही सगळ्यांनी लॅव्हेंडरचे मोदक खाल्ले. डॉक्टरांनी पाच खाल्ले आणि "वेगळे झालेत हो," एवढंच म्हणाले.

मेणबत्ती ही दिसते तेवढी साधी वस्तू नाही, हे मला त्यांच्यामुळे कळलं. वात जाड झाली की ज्योत उंच होते, धूर धरते आणि टोकाला काजळीची बोंडं येतात. बारीक झाली की तिला भोवतालचं मेण वितळवायची ताकद राहत नाही. मग ती मधोमध खड्डा खणत खाली जाते आणि कडेला मेणाची भिंत तशीच उभी राहते. यमुनाताई त्याला बोगदा म्हणायच्या, आणि हा शब्द त्या अशा तोंडाने उच्चारायच्या की जणू कुणाचा तरी मुलगा दारू प्यायला लागलाय. वासांचे प्रयोग तर विचारूच नका. मोगऱ्याचा वास पेट्रोल पंपावरच्या टॉयलेटसारखा आला. वेलची-जायफळाची मेणबत्ती लावली तेव्हा डॉक्टर श्रीखंड शोधत फ्रिज उघडून उभे होते.

पण चिकाटी म्हणजे चिकाटी! एका घाण्यातल्या चार मेणबत्त्यांना चार वेगळ्या वाती, प्रत्येकीवर लेबल, वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून खिडक्या बंद. आणि एकदा पेटवली की ती संपेपर्यंत जळणार. तोंडाने दिवा विझवायचा नाही, ही यमुनाताईंच्या सांगलीच्या घरची शिकवण. समरच्या सहाव्या वाढदिवसाला त्यांनी केकवरच्या मेणबत्त्याही फुंकू दिल्या नव्हत्या. वर्गातली सगळी पोरं टक लावून बघत बसली आणि गुलाबी मेण वितळून आयसिंगवर पसरलं. समर अजून म्हणतो, "आई, दॅट वॉज माझा चाइल्डहुड ट्रॉमा." त्यामुळे टेस्ट म्हणजे शेवटपर्यंत जळणं. मेण संपलं, वात निजली, की रिपोर्ट तयार. यात काही चुकतंय हे मलाही कळलं नाही, कारण माझ्याही घरी दिवा कुणी फुंकत नाही.

शेजारच्या घरात ग्लेनिस आणि ह्यू राहायचे. यमुनाताई ड्युटीवर असताना समरला शाळेतून आणणारी, त्याला ताप आला की उशाशी बसणारी ती ग्लेनिसच. नवराबायको दोघंही चॅपेलच्या गायकवृंदात, कॉयरमध्ये. ती आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, तो बेस, म्हणजे खर्ज. ह्यूचा आवाज असा की तो नुसता "मॉर्निंग" म्हणाला तरी आमच्या कपबश्या हलायच्या. दोन हजार सहाच्या वसंतात तो बागेत काम करता करता गेला. ग्लेनिस कुणासमोर रडली नाही, पण तिचं गाणं थांबलं. कॉयरला जायची, उभी राहायची, कागद हातात धरायची, आणि तोंडातून सूर यायचा नाही.

कॉयरवाल्यांनी ठरवलं की दर बुधवारी प्रॅक्टिसच्या सुरुवातीला ह्यूच्या जागेवर मेणबत्ती लावायची, मिनिटभर शांत उभं राहायचं, त्याच्या आवडीचं एक कडवं म्हणायचं, मग कामाला लागायचं. ग्लेनिस यमुनाताईंकडे आली. "दुकानातली नको, लव्ह. तुझ्या हातची दे. त्याला तुझं सगळंच आवडायचं, करी सोडून."

यमुनाताईंनी जीव ओतून केली. वीतभर उंच, मनगटाएवढी जाड, पांढरीशुभ्र. तिच्या दोन जुळ्या बहिणी घरी जाळून पाहिल्या. दोघी शेवटपर्यंत सरळ जळल्या, ना धूर, ना बोगदा. आणि आठव्या बुधवारी चॅपेलमधली मेणबत्ती कडव्याच्या मध्येच विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. वातीभोवती बोटभर खड्डा आणि त्यात मेणाचं तळं. सगळे खाली बघत उभे. ग्लेनिस घरी येऊन यमुनाताईंना एवढंच म्हणाली, "ह्यूला नको असेल, लव्ह. पुरे झालं म्हणत असेल. मी आता कॉयर सोडते."

यमुनाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला फोन करून म्हणाल्या, "अलका, अगं माझ्या मेणबत्तीमुळे ती गाणं सोडतेय. ह्यूच्या मागे तिला तेवढंच तर उरलंय." मी समजूत घालायला गेले तर स्वयंपाकघर लॅब झालेलं. मेण तेच, वात तीच, घाणा तोच. इथे जळते आणि तिथे विझते म्हणजे काय? चॅपेलच्या दाराची फट, तिथला गारठा, कुणाचा तरी कोट, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. शेवटी त्यांनी ग्लेनिसला हातापाया पडून महिनाभर थांबायला लावलं, नवी मेणबत्ती दिली, आणि बुधवारी आम्ही दोघी जाऊन मागच्या बाकावर बसलो.

मेणबत्ती लागली. शांतता झाली. कडवं झालं. ग्लेनिस पुढे आली, वाकली, आणि फुंकर मारली.

"अगं बाई!" यमुनाताई एवढ्या जोरात म्हणाल्या की कॉयर मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, धर्म बुडाल्याचा धक्का बसला. तसं नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "पाच मिनिटं गं! एवढ्या जाड मेणबत्तीचं वरचं मेणसुद्धा वितळलं नसेल. दर आठवड्याला पाचच मिनिटं, आणि फूः! मग बोगदा नाही होणार तर काय? आणि मी शहाणी घरी आख्ख्या जाळत बसलेय. विझवून पुन्हा लावायची टेस्ट मी जन्मात केलेली नाही!"

आता ती करायची तर विझवणं आलं. पहिल्यांदा ते काम डॉक्टरांवर आलं. यमुनाताई हॉलमध्ये पाठ करून बसायच्या आणि हाक मारायच्या, "अहो, फुंका!" डॉक्टर हाडं जोडणारा माणूस. त्यांनी अशी फुंकर घातली की वात आडवी झाली आणि मेण भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत उडालं. अशा फुंकरीवर रिपोर्ट कसा द्यायचा? दोन दिवस त्यांनी काडीच ओढली नाही. तिसऱ्या दिवशी पदर खोचून स्वतः उभ्या राहिल्या, ज्योतीला नमस्कार केला, डोळे मिटले आणि हळूच फुंकर मारली. मी समोर होते. त्यांचं तोंड असं झालं होतं की मला हसू फुटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

त्यानंतर दिवसभर लावायची, पाच मिनिटांनी विझवायची, गार होऊ द्यायची, वात नेलकटरने खुडायची, पुन्हा लावायची. दर वेळी नमस्कार. जाडी कमी करत करत मेणबत्ती बोटाएवढी झाली, तेव्हा कुठे तिच्या कडा वेळेत वितळायला लागल्या आणि बोगदा थांबला. कितीही वेळा विझवा, पहिल्या काडीत पेटायची. समरला फोन गेला. तो म्हणाला, "वेल डन आई! तुझा मेणबत्ती आता प्रॉपर इंग्लिश झाला."

"वेल्श," यमुनाताई म्हणाल्या.

ती बारीक मेणबत्ती घेऊन आम्ही ग्लेनिसकडे गेलो. यमुनाताईंनी तिथेच तिच्या टेबलावर लावून, विझवून, पुन्हा लावून दाखवली. कौतुकाने वर पाहिलं तर ग्लेनिसचे डोळे भरलेले. आधी आनंदाश्रू वाटले. तिने यमुनाताईंचा हात धरला आणि म्हणाली, "खूप कष्ट घेतलेस गं. पण खरं सांगू? ती मध्येच विझली त्याचं मला एवढं काही नव्हतं. दर बुधवारी ती विझवायला मलाच पुढे करतात. त्यांना वाटतं, मान आहे माझा. आणि मी दर बुधवारी ह्यूला फुंकून टाकते. नंतर कसं गाऊ मी?"

यमुनाताई उठल्या आणि इतक्या दिवसांच्या खटपटीने साधलेली ती मेणबत्ती पर्समध्ये टाकली. "तुला आता ती फुंकावी लागणार नाही," त्या म्हणाल्या. "मला एक आठवडा दे."

विझवावी न लागणारी मेणबत्ती करायची तर ती प्रॅक्टिसभर जळून आपली आपण संपायला हवी. हे मात्र यमुनाताईंच्या हातचं काम. त्याच बारीक मेणबत्त्या वेगवेगळ्या लांबीच्या कापून त्यांनी पूर्वीसारख्या शेवटपर्यंत जाळल्या, प्रॅक्टिसला लागतो तेवढाच वेळ पुरेल अशी लांबी शोधून काढली, आणि दर बुधवारची एक अशा वर्षभराच्या ओतून ठेवल्या. कॉयर मास्तरांनी आगीचं, हेल्थ अँड सेफ्टीचं कारण काढलं, तेव्हा त्यांच्यापुढे पितळेचं पातेलं आणि एक बादली वाळू ठेवली.

त्या बुधवारी आम्ही पुन्हा मागच्या बाकावर होतो. ग्लेनिसने मेणबत्ती लावली, वाळूत रोवली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. फुंकायला कुणी पुढे आलं नाही, प्रॅक्टिस तशीच सुरू झाली. बराच वेळ ती नुसती कागद धरून होती. मग ओठ हलले. मग एक ओळ. यमुनाताईंनी माझा हात असा आवळला होता की बांगडी रुतत होती. मेणबत्ती खाली खाली चालली होती आणि ती संपताना ग्लेनिसचं लक्ष गेलं म्हणजे?

ज्योत वाळूला टेकली, जराशी मोठी झाली आणि गेली. मी घाबरून ग्लेनिसकडे पाहिलं. शेवटच्या गाण्यातली आल्टोंची ओळ चालू होती आणि ती मान वर करून, तोंड भरून गात होती. तिला कळलंच नव्हतं.

तिचं लक्ष जायच्या आत पातेलं हलवावं म्हणून मी उठणार, तेवढ्यात यमुनाताईंनी मला खाली ओढलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "गाऊ दे तिला."